शिवेवर अडकलेली फटफटी

देवचार, राखणदार, चकवा – यांतल्या एकालाही मी उभ्या आयुष्यात नारळ दिलेला नाही. हे आधीच लिहून ठेवतो. वाचून झाल्यावर ‘म्हातारा भोळा दिसतोय’ असं कुणी म्हणायला नको. मागच्या अंकात एका मास्तरांनी छापून आणलंय की असले अनुभव म्हणजे अडाणी माणसाच्या मनाचे खेळ. मास्तर, मी तीन यत्ता शिकलोय. पण अख्खं इंजिन उघडून परत जोडायला त्या तीन यत्ता पुरल्या. मनाचा खेळ इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या म्याग्नेटोवर चालतो काय, एवढं मला सांगा... मग खुशाल हसा.

आता जागा सांगतो. जोयड्याहून अणशीकडं जाणारी गाडीवाट आहे, तिच्यापासून आत आमची वाडी. वाडीतून बाहेर पडायला वाट एकच. ती जिथं संपते तिथं आमची शिव, आणि शिवेवर एक मत्तीचं झाड – मगरीच्या पाठीसारखी साल असते ते. झाडाच्या बुडाशी एक धोंडा आहे. त्याला डोळे नाहीत, नाक नाही, शेंदूर नाही. तो आमचा राखणदार. मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. महिना माघ. आणि जे घडलं ते सगळं लख्ख उन्हात घडलं, हेही लिहून घ्या.

वाडीत एक रीत होती. बाहेरगावी मुक्कामाला जाणाऱ्या माणसानं धोंड्यापुढं एक हिरवी डहाळी ठेवायची, आपलं नाव सांगायचं, कधी परत येणार ते सांगायचं. परत आल्यावर आपली डहाळी आपण उचलून फेकायची आणि मगच वाडीत पाय टाकायचा. दुसऱ्याची डहाळी कुणी उचलायची नाही. ज्याचा माणूस आलाच नाही त्याची डहाळी तिथंच वाळून, कुजून जायची. वर्षानुवर्षांचा असा कमरेएवढा ढीग तिथं साठला होता. मी त्याला कचरा म्हणायचो. तोंडावर म्हणायचो.

मी लढाईवर गेलो तेव्हा येसू, माझी एकुलती मुलगी, सहा वर्षांची होती. माझ्याबरोबर आमच्या बुधवंताचा पोरगा विठू निघाला. बुधवंत म्हणजे वाडीचा मानकरी – त्याच्या शब्दाबाहेर वाडीत कुणी कुऱ्हाड उचलत नसे. विठूनं डहाळी ठेवली. मी ठेवली नाही. म्हणालो, “सरकार बोलावतंय, धोंड्याला काय विचारायचं?” तेव्हा माझी आई, अव्वा, मागून धावत आली. जांभळीची डहाळी मोडली, अंगावरच्या लुगड्याचा हिरवा काठ टरकन फाडून तिला बांधला, आणि माझ्या नावानं ठेवली. मी मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

इराकात बसऱ्याला मी बंदूक धरली नाही. मोटारीच्या वर्कशॉपात हमाल होतो. तिथं करमदाद म्हणून लाहोरचा एक पंजाबी मेस्त्री होता, त्यानं मला पाना धरायला शिकवलं. शिव्या देऊन शिकवलं, पण शिकवलं. वर्षभरात मी मोटारसायकलीच्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायला लागलो. विठू तापानं गेला. अव्वा इकडं वारली, ते पत्र मला सहा महिन्यांनी मिळालं.

चार वर्षांनी परत आलो तर शिवेवर बुधवंत उभा. विठू गेल्याचा कागद त्याला सरकारकडून आधीच आला होता. तो एवढंच म्हणाला, “सोमा, तुझ्या आईनं ठेवलीया ती डहाळी उचल, आन मग घरात जा.”

मी म्हणालो, “मामा, मी सरकारच्या आगबोटीनं आलोय. डहाळीनं न्हाई.” आणि पुढं निघून गेलो. विठू कसा गेला, शेवटी काय बोलला, हे त्याला विचारायचं असणार, हे मला कळत होतं. म्हणूनच मी थांबलो नाही.

घरी आलो तर दहा वर्षांची येसू आईच्या मागं लपली. “आये, ह्यो कोन मानूस आलाय?” – हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. माझ्याशी तरी कुठं, आईशीच.

पुढं चार वर्षं तसंच. माझ्याशी बोलायची ती घरी आलेल्या फॉरेस्ट गार्डाशी बोलावं तशी. व्हय अप्पा, न्हाई अप्पा.

फटफटी आली आणि ते थोडं सुटलं. जंगलखात्याचा एक गोरा साहेब बदलून चालला होता. त्याची मोटारसायकल मोडून पडलेली. म्हणाला, नेतोस तर ने, नाहीतर काळी नदीत ढकलतो. मी बैलगाडीत घालून आणली. दोन पावसाळे गोठ्यात बसून तिला जोडली. येसू कंदील धरायची म्हणून यायची, मग पाना द्यायला लागली, मग एक दिवस म्हणाली, “अप्पा, ह्यो पट्टा उलटा बसलाय.” आणि बसला होता खरा. त्या दिवशी मी ठरवलं – ही गाडी लाहोरपर्यंत न्यायची. करमदादच्या दारात उभी करायची. आणि मागं ही पोरगी बसलेली पाहिजे.

कारण वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. रामनगरकडचं स्थळ. चौदा वर्षांची झाली होती, आणखी ठेवणार कोण? माझ्या हातात दोन-अडीच महिने होते. एकदा ती दुसऱ्याच्या घरी गेली की मी तिचा बाप होतो की नव्हतो, सारखंच.

गोठ्याच्या भिंतीवर मी कोळशानं वाट काढली. लोंढा, बेळगाव, कोल्हापूर, पुणे, नाशिक, इंदूर, आग्रा, दिल्ली, लाहोर. मधल्या नद्या येसूनं काढल्या, मनानंच. कुठं पूल, कुठं नाव, कुठं पेट्रोल मिळेल, कुठं नाही. पेट्रोलचे डबे लोंढ्याच्या स्टेशनावर एका ओळखीच्या माणसाकडं ठेवले. मागं बसायला पोत्यात भाताचं गवत कोंबून गादी केली.

घरात मात्र लढाईच. येसूच्या आईनं माझ्याशी बोलणं सोडलं नाही, वाढवलं. “लोकांच्या पोरी नांदायला जात्यात. माझी लाहोरला जातीया. आन नवरीला हळद लावायची का गिरीस?” एक दिवस सकाळी बघतो तर भिंत शेणानं सारवलेली, दिल्लीपासून पुढं सगळं गायब. मी ओरडलो. ती शांतपणे हात धूत म्हणाली, “दिल्ली सारवली तुमची. आग्र्याला जरा कमी पडलं शेन, उद्या सारवते.”

व्याह्यांकडून निरोप आला की पोरगी त्या यंत्रावर बसली तर सोयरीक मोडली समजा. मी उलट निरोप धाडला की यंत्रावर बसलेल्या पोरीला नाही म्हणणारं घर मलाच नको. विहिरीवर येसूला बायका वाट देईनात. बुधवंतानं बजावलं, “जायाचं तर जा, पन रीत करून जा. आदी तुझी जुनी डहाळी उचल, मग दोगांच्या नव्या ठिव.” मी म्हणालो, “तुमच्या कचऱ्याला मी हात लावत न्हाई.”

आणि मग ती पहिली सकाळ. निघायचं नव्हतं, नुसतं जोयड्यापर्यंत जाऊन बघायचं होतं. येसू मागं बसली. वाडीतून फटफट करत निघालो, पोरं मागून पळतायत, कुत्री भुंकतायत. मत्तीच्या झाडापाशी आलो आणि इंजिन बंद. खोकलं नाही, अडखळलं नाही... कुणी तोंडावर हात ठेवावा तसं बंद.

प्लग काढला, पुसला. पेट्रोल बघितलं. म्याग्नेटोचा झटका हातावर घेऊन बघितला, चांगला बसला. ढकलली. चालू होईना. येसूला उतरवून एकट्यानं ढकलली, तर पहिल्या ढकलीत चालू! शिव ओलांडून अर्धा कोस जाऊन आलो. येसूला बसवलं. परत झाडापाशी बंद.

वजन असेल, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी येसूच्या वजनाचं भाताचं पोतं बांधलं. सरळ पार. कारवारकडचा एक जाडा फॉरेस्ट गार्ड आला होता, त्याला बसवला. तो देवाचं नाव घेत होता, मी गाडी पळवत होतो – पार. मग येसू. बंद. येसूला पायी शिवेपलीकडं नेऊन तिथं बसवली. गाडी चालूच होईना. ती उतरून परत अलीकडं आली – चालू. एकदा तिला घोंगडीत गुंडाळून, वरून दोरी मारून, गवताच्या भाऱ्यासारखी बांधून नेली. आतून ही हसतेय. तरी बंद. येसूची आई कमरेवर हात ठेवून बघत होती. “राखनदाराला डोळं न्हाईत म्हनून घोंगडं पांघरलासा व्हय? अवो, डोळं न्हाईत त्याला घोंगड्याचं काय?”

अकरा वेळा. मोजून अकरा वेळा मी हे केलं, मास्तर. मनाचा खेळ अकराव्या वेळेपर्यंत कंटाळत नाही काय?

माझा संशय वेगळा होता. कुणीतरी मुद्दाम करतंय. म्हणून मी झाडाभोवतीची जमीन बघितली, पाला उकरला, आणि तेव्हा येसू ढिगाकडं बोट दाखवून म्हणाली, “अप्पा, ह्यात एक हिरवी हाय.”

एवढ्या वाळल्या-कुजल्या ढिगात एक जांभळीची डहाळी. हिरवीगार, आत्ता मोडल्यासारखी, देठाला ओल. आणि देठाशी हिरव्या काठाची चिंधी. मी ओळखली. पण मी येसूच्या आईला आणून विचारलं, “ही तू ठेवलीस?” तिचं तोंड उतरलं. म्हणाली, “त्या काठाचं लुगडं... म्हातारीला त्यातच नेली. घरात त्याची चिंधीबी न्हाई.”

आठ वर्षं. मी म्हणालो, बुधवंताची करामत आहे. रोज नवीन डहाळी ठेवत असणार. लोक काय वाट्टेल ते करतील. तीन दिवस मी सकाळी-दुपारी जाऊन ती डहाळी बघत होतो. तिच्या एका पानाला किड्यानं खाल्लेलं चंद्रकोरीसारखं भोक होतं. तीच डहाळी. तेच पान.

तरी मी उचलली नाही. उचलली असती तर वाडीपुढं वाकलो असतो.

निघायचा दिवस आला. वळकटी बांधली, भाकऱ्या बांधल्या, पेट्रोलचा एक डबा जादा बांधला. सकाळी निघालो. अख्खी वाडी झाडापाशी जमलेली, जत्रेला आल्यासारखी. शिवेवर आलो आणि बारावी वेळ – बंद. कुणीतरी म्हणालं, “आलं बग लाहोर, उतर गं येसू.” सगळे खो खो हसले.

बुधवंत पुढं आला. तो हसत नव्हता. म्हणाला, “सोमा, आजून कळंना तुला? तू आलासच न्हाईस. राखनदाराच्या लेखी तू आजून बाहीरच हाईस. कोन तरी परका मानूस गावची पोर गाडीवर घालून चाललाय. तो आडवनारच की. आडवाया न्हाई तर त्याला ठिवलाय कशाला?”

परका मानूस. एवढ्या लोकांत. येसूच्या देखत.

येसू मागून हळूच म्हणाली, “अप्पा, उचला की. एवडीशी तर हाय.”

तिनं ते बोलायला नको होतं. ती त्यांच्या बाजूची झाली असं मला वाटलं. मी गाडी स्टँडवर लावली, जादा डबा सोडला, आणि कुणी आडवा यायच्या आत ढिगावर उपडा केला. काडी ओढली. भप्पकन् जाळ उठला, मत्तीच्या खालच्या फांद्या करपल्या. बायका किंचाळत मागं पळाल्या. मी ओरडत होतो, “बगू कोन आडवतोय ते! बगू आता!”

वाळकं लाकूड, त्यात पेट्रोल. जाळ लगेच बसला. कुणी मला मारायला आलं नाही. ते आले असते तर बरं झालं असतं. बुधवंत काठी घेऊन निखाऱ्यांजवळ आला आणि राख उकरायला लागला. एका कोपऱ्यात, परत परत, तिथंच. मला वाटलं काही हरवलं याचं. मग तो माझ्याकडं न बघताच म्हणाला, “विटूची हितं हुती.”

ढिगातली ती कोपऱ्यातली काटकी रोज येऊन तो बघत होता म्हणे. पानं गेली होती, नुसती काटकी. दुसरं त्याच्याकडं पोराचं काही नव्हतं. तिकडं बसऱ्याला विठूला चितेवर जाळला तो मी, आणि इथं जाळला तोही मीच.

आणि त्या सगळ्या निखाऱ्यांच्या मधोमध ती जांभळीची डहाळी पडली होती. हिरवी. चिंधीला धग नाही.

मी हात घातला. ठरवून नाही घातला, गेला. निखाऱ्यात कोपरापर्यंत हात, आणि भाजला नाही असं मी म्हणणार नाही – केस जळाले, कातडी लाल झाली. पण डहाळी गार होती. पहाटे शेतातली मोडावी तशी, दव असल्यासारखी ओली. मी ती उचलली. येसूकडं बघितलं तर ती आपली आपण जाऊन गादीवर बसली होती. गाडी ढकलली. पहिल्या ढकलीत चालू. शिव पार झाली. वाडी मागं राहिली, आणि मागं बसलेली पोरगी माझा सदरा दोन्ही हातांनी धरून होती.

आजवर सगळ्यांना मी सांगत आलो की जगलबेटजवळ पेट्रोल कमी वाटलं म्हणून परत आलो. खोटं आहे ते. टाकी भरलेली होती. लोंढ्याला डबे होते. खरं असं की मीच गाडी थांबवली. येसू विचारायला लागली, “काय झालं अप्पा?” मी म्हणालो, काही नाही. ती वळून मागची वाट बघायला लागली. मग म्हणाली, “बुदवंत अज्जा आजून थितंच बसला आसंल.”

मी इंजिन बंद केलं आणि गाडी वळवून ढकलायला लागलो. फटफट वाजवत त्या माणसापुढून जायला मला तोंड नव्हतं. येसू मागून ढकलत होती. चार कोस. आम्ही काही पहिलवान नव्हतो, चढावर चार-चार पावलांना दगड लावायचा आणि दम खायचा. आणि त्या चार कोसांत ही पोरगी बोलली. बसऱ्याला वाळू कशी असते? करमदाद कोणती शिवी द्यायचा? आज्जी गेल्याचं पत्र आलं तेव्हा तुम्ही रडलात काय? मी सगळं सांगितलं. विठूचंही, जे कुणाला सांगितलं नव्हतं. आमची लाहोरची ट्रिप ती तेवढीच.

ऊन उतरताना शिवेवर आलो. बुधवंत तिथंच होता, राखेपाशी. मी त्याच्याजवळ खाली बसलो आणि विठू कसा गेला ते सांगितलं – ताप किती दिवस होता, पाणी कुणी पाजलं, शेवटी त्यानं काय विचारलं. त्यानं विचारलं होतं, “आमच्याकडं लावणी झाली आसंल न्हवं?” बुधवंत ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “चार वर्सं झाली तुला यून. आज आलास व्हय.”

त्यानं मला माफ केलं असं समजू नका. त्यानंतर तो मरेपर्यंत माझ्या दारात पाणी प्यायला नाही. ते बरोबरच होतं.

वैशाखात येसूचं लग्न झालं. व्याह्यांनी कुरकुर केली पण सोयरीक मोडली नाही, तिनं सासरी पहिल्या महिन्यात भातगिरणीचं बिघडलेलं इंजिन चालू करून दिलं, मग कुरकुर बंद. फटफटी गोठ्यातच गंजली. अव्वाची ती डहाळी मी घरी आणली होती. दुसऱ्या दिवशी उठून बघितलं तर पानं वाळून गळालेली, नुसती काटकी, कुठल्याही काटकीसारखी. चिंधी हात लावला तशी सुटी सुटी झाली.

आता मास्तर, तुमचं काय ते सांगा. चुंबक म्हणाल, जमिनीतलं लोखंड म्हणाल. मग भाताचं पोतं आणि फॉरेस्ट गार्ड कसे गेले? मी स्वतः पुष्कळ डोकं लढवलं, मला काही सापडलं नाही. राखणदाराला नारळ मी आजही देत नाही. पण दर माघात शिवेवर जातो आणि विठूच्या नावानं एक जांभळीची डहाळी ठेवतो. जाळली मी, तर ठेवायचीही मीच. नाव सांगतो. कधी येणार ते सांगत नाही.

चांगली रसरशीत बघून मोडतो. सावलीत ठेवतो. पाणीसुद्धा शिंपडून बघितलंय, लबाडी वाटली तरी. दोन दिवसांत वाळते. दर वर्षी वाळते.

मग माझीच तेवढी आठ वर्षं हिरवी कशी राहिली?